घशात उजेड पोचला त्याची गोष्ट

अमलेटा हे माळव्यातलं, रतलामच्या बाजूचं एक लहानसं संस्थान. तिथल्या राजाला गाण्याचं वेड होतं आणि पदरी असलेल्या गवयाला तो दिवसरात्र गायला लावत असे. बैठकीवर बैठक होत गेली आणि शेवटी त्या गवयाचा आवाज बसला. चार दिवस विश्रांती घेतली, काढा प्यायला आणि सुटला, असं ते बसणं नव्हतं. पुढे बराच काळ गळ्यातून धड सूर उमटेना. हा गवई म्हणजे उस्ताद अल्लादियाखाँ. आवाज परत आला तो पूर्वीचा नव्हता. गोडवा गेला होता आणि थोडी घोगरी किनार मागे राहिली होती. त्या उरलेल्या आवाजाला झेपेल आणि शोभेल अशी भारदस्त, पेचदार तानांची, आडव्या लयीची गायकी त्यांनी घडवली, असं जयपूर-अत्रौली घराण्याचे जाणकार सांगत आले आहेत. पुढे कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयाला राहून खाँसाहेबांनी ती गायकी महाराष्ट्राला दिली. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, भास्करबुवा बखले हे सगळे त्याच झाडाचे.

खाँसाहेबांच्या स्वरतंतूंवर तेव्हा नेमकं काय झालं होतं? गाठी आल्या होत्या, पॉलिप होता, की आतल्या आत रक्त साकळलं होतं? कुणी पाहिलं नाही, त्यामुळे आज छातीठोकपणे काही सांगणं हा अगोचरपणा होईल. मला मोलाची वाटते ती वेगळी गोष्ट. खाँसाहेबांचा जन्म १० ऑगस्ट १८५५चा. त्याच वर्षी, साडेचार महिने आधी, २२ मार्चला लंडनच्या रॉयल सोसायटीत एक निबंध दाखल झाला होता. गाणाऱ्या जिवंत माणसाच्या घशात स्वरतंतू कसे हलतात हे लेखकानं डोळ्यांनी पाहून त्यात लिहिलं होतं. म्हणजे खाँसाहेबांचा आवाज बसला तेव्हा घशात डोकावायची युक्ती जगात होती. तिला वीसपंचवीस वर्षं तरी होऊन गेली होती. ती अमलेट्यापर्यंत पोचली नव्हती, इतकंच.

आपल्याकडे आवाज गेला की पहिला संशय माणसावर घेतला जाई. ‘शेंदूर चारला’ हे गवयांच्या आणि नाटक मंडळ्यांच्या जगातलं ठरलेलं वाक्य होतं. कुणा मत्सरी माणसानं विड्यातून किंवा प्रसादातून शेंदूर खायला घातला आणि गळा कायमचा गेला, अशा कथा कित्येक कलावंतांच्या नावावर सांगितल्या जातात. शेंदूर हे शिशाचं संयुग आहे आणि शिसं मज्जातंतूंना मारक असतं, हे खरं. शिशाच्या कारखान्यांजवळ चरणाऱ्या घोड्यांची स्वरयंत्रं लुळी पडतात, हे पशुवैद्यांनी नोंदवून ठेवलं आहे. पण रात्ररात्र टिपेत गाणाऱ्या माणसाचा आवाज जायला विषाची गरज नसते. गंमत अशी की आपल्या जुन्या वैद्यकानं दोन्ही कारणं शेजारी-शेजारी लिहून ठेवली होती. सुश्रुताच्या उत्तरतंत्रात ‘स्वरभेद’ या विकारावर स्वतंत्र अध्याय आहे. वात, पित्त, कफ, तिन्ही दोष एकत्र, क्षय आणि मेद असे त्याचे सहा प्रकार सांगितले आहेत आणि कारणांमध्ये विषाबरोबरच फार मोठ्यानं बोलणं आणि मोठ्यानं पाठ म्हणणं यांचीही नोंद आहे. घशाच्या रोगांच्या यादीत ‘मांसतान’ नावाची, वाट हळूहळू अडवत नेणारी वाढही आहे. लोकांनी यातलं विष तेवढं लक्षात ठेवलं. ओरडणं विसरले, कारण ओरडणं ही तर नोकरी होती.

लंडनच्या त्या निबंधाचा लेखक डॉक्टर नव्हता. तोही आवाज गमावलेला गायकच होता. मॅन्युएल गार्सिया हे स्पॅनिश गाणाऱ्यांच्या घरातलं नाव. बाप मोठा गायक, बहीण मारिया मालिब्रान त्याहून मोठी. बापानं पोराबाळांसह मंडळी घेऊन अटलांटिक ओलांडला आणि नोव्हेंबर १८२५मध्ये न्यूयॉर्कला ऑपेराचे खेळ लावले. विशीतल्या मॅन्युएलला मोठमोठ्या भूमिका ओरडून-ओरडून गाव्या लागल्या. त्यात आवाज खराब झाला तो झालाच. रंगभूमी सोडून तो शिकवू लागला. पुढे पॅरिसमध्ये त्याच्याकडे १८४१ साली जेनी लिंड ही स्वीडिश गायिका आली. एकविशीच्या आतच तिचा आवाज चिरला होता. गार्सियानं तिला सुरुवातीला काहीच शिकवलं नाही. काही आठवडे एक सूरही लावायचा नाही, बोलायचंही अगदी गरजेपुरतं, एवढंच सांगितलं. मग ती परत आली, शिकली आणि सगळ्या युरोपभर गाजली. गळ्यावरचा ताण आधी थांबवणं हा स्वरतंतूंच्या गाठींवरच्या आजच्या उपचाराचाही भाग आहे, आणि तो गार्सियानं गाठ न पाहता दिला होता.

पण पाहायची तळमळ त्याला होतीच. तोवर तो लंडनला राहू लागला होता आणि सप्टेंबर १८५४मध्ये सुटीसाठी पॅरिसला गेला होता. पॅले रॉयालच्या बागेत फिरताना कुठल्याशा काचेवर ऊन चमकलं आणि त्याच्या डोक्यात एकदम आलं की आरशानं हे ऊन घशात वळवता येईल. तो तडक शारिएर या हत्यारं बनवणाऱ्याच्या दुकानात गेला. दंतवैद्यांसाठी बनवलेला, लांब दांडीचा, कुणी न घेतलेला एक छोटा आरसा तिथे पडून होता. तो त्यानं सहा फ्रँकला घेतला. घरी येऊन कोमट पाण्यात बुडवला, पुसला, पडजिभेला टेकवला आणि हातातल्या दुसऱ्या आरशानं त्यावर ऊन पाडलं. समोर उघडमीट करणारं स्वतःचं स्वरयंत्र दिसलं. गार्सिया शंभरी ओलांडून जगला. १९०५ साली लंडनमध्ये त्याचा शंभरावा वाढदिवस साजरा झाला तेव्हा मान द्यायला घशाचे डॉक्टर देशोदेशींहून गोळा झाले होते.

डॉक्टरांनी मात्र हा आरसा हातात घ्यायला तीन वर्षं लावली. व्हिएन्नात लुडविग ट्यूर्कनं १८५७च्या उन्हाळ्यात इस्पितळातल्या रोग्यांवर तो वापरला. शरद सरला, ढग आले, ऊन गेलं, तसं त्यानं आरसे बाजूला ठेवले. योहान चेरमाक या शरीरशास्त्रज्ञानं ते उसने मागून नेले, उन्हाऐवजी दिव्याचा उजेड वापरला आणि भर हिवाळ्यात घसे तपासले. मग पहिलं कोण यावर दोघांची जुंपली. त्या भांडणात आपल्याला पडायचं नाही. पण दिव्याची जोड मिळाल्यावरच हे तंत्र रात्रीच्या, पावसाळ्याच्या, अंधाऱ्या खोलीच्या कामाचं झालं.

ती तपासणी अजूनही तशीच करतात, म्हणून जरा जवळून सांगतो. आरसा साधारण रुपयाच्या नाण्याएवढा, दांडीला तिरका बसवलेला. वाफ धरू नये म्हणून डॉक्टर तो स्पिरिटच्या दिव्यावर क्षणभर शेकतो आणि चटका बसत नाही ना, हे आपल्या हाताच्या मागच्या बाजूला लावून बघतो. रोग्याची जीभ फडक्यात धरून बाहेर ओढतो. आरसा पडजिभेला टेकवून ती वर-मागे सरकवतो. कपाळावरच्या भोकाच्या आरशावरून उजेड आत वळतो. ‘ई म्हणा’ असं सांगितल्यावर रोगी जे काही म्हणतो त्याला ई म्हणणं कठीण असतं, पण तेवढ्यात दोन पांढऱ्या, मोत्यासारख्या झाक असलेल्या पट्ट्या मध्ये येऊन एकमेकींना भिडतात. त्याच स्वरतंतू. पुरुषात जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर लांब, बाईत त्याहून आखूड. श्वास घेताना त्या फाकतात आणि खाली श्वासनळीच्या कड्या दिसतात.

गाठ असेल तर तीही इथेच दिसते, आणि ती कुठे आहे यावरून निम्मं निदान होतं. काळी चारच्या षड्जाला स्वरतंतू सेकंदाला दोनशेच्या वर वेळा एकमेकींवर आपटतात, तार षड्जाला चारशेच्या वर. पुढचा एक तृतीयांश आणि मागचा दोन तृतीयांश भाग जिथे मिळतात तिथे हा मार सगळ्यांत जास्त बसतो. फावडं धरणाऱ्याच्या तळहाताला घट्टे पडतात, तसे तिथे दोन्ही बाजूंना समोरासमोर दाण्याएवढे उंचवटे येतात. या गायकांच्या गाठी, मुलांना शिकवणाऱ्यांच्या गाठी. पॉलिप बहुधा एकाच बाजूला येतो, मऊ, कधी लालसर, कधी देठावर लोंबणारा. एकदाच्या भयंकर ओरडण्यानं आतली बारीक रक्तवाहिनी फुटूनही तो येऊ शकतो. सिस्ट ही आवरणाखाली दबलेली पुटकुळी. मागच्या बाजूला येणाऱ्या ग्रॅन्युलोमाचा संबंध बऱ्याचदा आम्लपित्ताशी किंवा घशात घातलेल्या नळीशी असतो. लहान मुलांत कोबीच्या गड्ड्यासारखे पुंजके उगवतात ते पॅपिलोमा. ते एचपीव्ही विषाणूच्या ६ आणि ११ या प्रकारांमुळे होतात आणि काढले तरी पुन्हा-पुन्हा येतात, श्वासही अडवतात. यांतलं काहीच कॅन्सर नव्हे. पण आवाजावर जगणाऱ्या माणसाला हा दिलासा अर्धाच असतो.

दिसायला लागल्यावर काढायची इच्छा होणारच. त्याआधी १८४४ साली स्ट्रासबुर्गला एर्मान या सर्जननं एका बाईचं स्वरयंत्र बाहेरून, गळा कापून उघडलं होतं आणि पॉलिप काढला होता. १८६१ साली ट्युबिंगेनला व्हिक्टर फॉन ब्रुन्स यानं तोंडातून, आरशात बघत, सख्ख्या भावाच्या स्वरतंतूवरचा पॉलिप कापून काढला. भूल नव्हती. परकी वस्तू घशात गेली की उबळ येणारच. ती येऊ नये म्हणून त्या भावानं कितीतरी दिवस घशाला हत्याराची सवय करून घेतली होती. आरशात पुढचं मागे दिसतं, म्हणजे हात उलटा चालवायचा, आणि लक्ष्य वाटाण्याहून लहान. १८८४मध्ये कार्ल कोलरनं डोळ्यावर कोकेनचा बधिर करण्याचा गुण दाखवला आणि त्याच वर्षी व्हिएन्नात ते घशालाही लावून पाहिलं गेलं. तेव्हापासून रोग्यांचे हाल कमी झाले.

आता आपल्याकडे येऊ, कारण ही वर्षं मराठी आवाजाच्या इतिहासातली सगळ्यांत दणदणीत वर्षं आहेत. ३१ ऑक्टोबर १८८०ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ लागलं, १८८२ला ‘सौभद्र’. भाऊराव कोल्हटकरांचा उंच, धारदार आवाज ऐकायला लोक रात्रभर बसत. नाटक रात्री सुरू होई ते पहाटेपर्यंत चाले, वर ‘वन्समोअर’. ध्वनिक्षेपक नव्हताच. पिटातल्या शेवटच्या माणसापर्यंत शब्दन्‌शब्द आपल्या छातीच्या जोरावर पोचवायचा. रंगमंचावर दिव्यांची काजळी, मुक्कामामुक्कामाला वेगळं पाणी, सकाळी तालीम. भाऊराव १९०१ साली वारले. हिंदुस्थानात ग्रामोफोनचं पहिलं ध्वनिमुद्रण व्हायला पुढचं वर्ष उजाडावं लागलं. त्यामुळे तो आवाज कसा होता आणि शेवटी-शेवटी त्याचं काय झालं होतं, हे ग्रामोफोनच्या तबकडीवर ऐकून ताडायचा मार्ग राहिला नाही.

त्याच किर्लोस्कर मंडळीत भास्कर बखले नावाचा एक पोरगा गाजत होता. वयात येताना त्याचा आवाज फुटला. ज्याच्यावर लोक फिदा होते त्याच पोराला मंडळीत किंमत राहिली नाही. आवाज फुटणं हा आजार नव्हे, स्वरयंत्र वाढतं त्याचा तो परिणाम. पण याच काळात फुटक्या आवाजावर ताण दिला तर इजा होते. भास्करला बाहेर पडावं लागलं, हे त्याच्या गळ्याच्या भाग्याचंच म्हणायचं. तो बडोद्याला फैजमहंमदखाँकडे गेला, वर्षानुवर्षं शांतपणे सूर घासत राहिला आणि भास्करबुवा होऊन परतला. जी पोरं मंडळीतच राहिली आणि फुटक्या गळ्यानं गातच राहिली, त्यांची नावं कुठल्याही इतिहासात नाहीत.

१८९३ला गणेशोत्सव सार्वजनिक झाला आणि पाठोपाठ मेळे निघाले. पोरांच्या टोळ्या पदं म्हणत रस्त्यांतून, चौकांतून फिरू लागल्या. गर्दीच्या वर आवाज काढायचा, तोही दहा दिवस. संगीत नाटकाला लागणारी पुढची पोरं या मेळ्यांतून मिळत गेली. मराठी माणसाला तार सप्तकाची चटक लागली ती अशी घरातून, गल्लीतून. ८ जुलै १९२१च्या संयुक्त ‘मानापमान’ला टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसले आणि बालगंधर्व एकत्र उभे राहिले. जाणकार आजही त्या दोन गळ्यांची तुलना करतात. एकाची तार सप्तकातली झेप, दुसऱ्याचा न ओढता, न ताणता लागणारा सूर. मला त्या तुलनेत शरीरशास्त्रही दिसतं. गंधर्वांचा गळा दशकानुदशकं टिकला. यात दैव असेल, पण सूर लावण्याच्या रीतीचाही वाटा आहे.

मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५लाच सुरू झालं होतं. पहिली तुकडी १८५१ला बाहेर पडली, तिच्यात भाऊ दाजी होते. म्हणजे गार्सियाचा आरसा वापरू शकतील असे मराठी डॉक्टर मुंबईत तयार होत होते. तरी नट डॉक्टरकडे का गेले नसतील? मला वाटतं, कारण साधं होतं. ‘अमक्याचा आवाज गेला’ ही बातमी फुटली की मंडळीचं तिकीट पडायचं. शेंदराच्या कथेत निदान कलावंताचा दोष नसतो. ज्येष्ठमध, कंकोळ, खडीसाखर, आल्याचा रस आणि मध घेत, गुळण्या करत, मंडळी पुढच्या मुक्कामाला जायची.

डॉक्टरकडे जाऊनही प्रश्न सुटत नव्हता, याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण याच काळातलं आहे. १८८७च्या सुरुवातीला जर्मनीचा युवराज फ्रेडरिक याचा आवाज बसला. गेरहार्ट या डॉक्टरनं डाव्या स्वरतंतूवरची वाढ आधी तारेच्या फासानं आणि मग तापलेल्या तारेनं काढायचा प्रयत्न केला. ती पुन्हा वाढली. मे महिन्यात सर्जन बेर्गमान गळा उघडायला तयार होता, तेवढ्यात लंडनहून मोरेल मॅकेन्झीला बोलावलं. तो म्हणाला, आधी तुकडा तपासू. त्यानं आरशात बघत तुकडा काढला. सूक्ष्मदर्शकाखाली तो पाहायला बसला होता रुडोल्फ फिरचो, त्या विद्येतला जगातला पहिला माणूस. त्याला कॅन्सर दिसला नाही. ऑपरेशन रद्द झालं, मॅकेन्झीला सर ही पदवी मिळाली. नोव्हेंबरात सान रेमोला गाठीचं खरं रूप दिसलं. फेब्रुवारी १८८८मध्ये श्वासासाठी गळ्याला भोक पाडावं लागलं. मार्चमध्ये फ्रेडरिक सम्राट झाला आणि ९९ दिवस राज्य करून १५ जूनला वारला. ते सगळे दिवस तो चिठ्ठ्या लिहून बोलत होता. त्याच्या जागी दुसरा विल्हेल्म आला. त्यातून युरोपचं पुढे काय झालं, याची चर्चा इतिहासकार करत बसतात. घशाच्या डॉक्टरांनी यातून घेतलेला धडा मात्र पक्का आहे. वरवरच्या एका तुकड्यात कॅन्सर नाही म्हणून गाठ साधी ठरत नाही, आणि साधी दिसते म्हणून काढलेला तुकडा तपासायला पाठवल्यावाचून राहायचं नाही.

मराठीच्या सीमेवरच एक गळा असा आहे की ज्याच्या बदलाचा पुरावा तबकड्यांवर आहे. धारवाडला १९१३ साली जन्मलेल्या गंगूबाई हनगल यांच्या सुरुवातीच्या, ‘गांधारी’ या नावानं निघालेल्या ध्वनिमुद्रिका ऐकल्या तर बारीक, उंच, बायकी आवाज कानावर येतो. नंतरच्या गंगूबाई आपल्याला ठाऊक आहेत. धीरगंभीर, जवळपास पुरुषी. मध्ये घशाचं दुखणं आणि त्यावरचे उपचार झाले आणि आवाज कायमचा उतरला. दुसरी एखादी गाणं सोडून बसली असती. गंगूबाईंनी पट्टी उतरवली आणि त्या आवाजाला साजेशी किराण्याची संथ बढत केली. अल्लादियाखाँ आणि गंगूबाई, घराणी दोन, तऱ्हा दोन, पण दोघांनीही गेलेल्या आवाजामागे धाव घेतली नाही.

शस्त्रक्रियेचं तंत्र पालटलं ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १८९५ला बर्लिनच्या किर्स्टाइननं आरशाशिवाय, सरळ नळीतून स्वरयंत्र पाहिलं होतं. पुढे किलियाननं नळी टांगून धरायची सोय केली, त्यामुळे दोन्ही हात मोकळे झाले. १९६०च्या दशकात जर्मनीतच ऑस्कर क्लाइनसासरनं त्या नळीला शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शक जोडला. ४०० मिलिमीटरचं भिंग, म्हणजे डोळा लांब आणि मधल्या जागेत लांब दांड्याची नाजूक हत्यारं. १९७२च्या सुमारास बोस्टनला स्ट्राँग आणि जाको यांनी त्यात कार्बन डायऑक्साइड लेसर आणला. मग जपानमधल्या कुरुमेच्या मिनोरू हिरानो यांनी दाखवून दिलं की स्वरतंतू ही एकसंध दोरी नव्हे. वर पातळ, सैल, लाटेसारखं हलणारं आवरण, खाली अस्थिबंध आणि स्नायू. आवाज त्या आवरणाच्या लाटेतून येतो. तेव्हा सर्जनचं काम गाठ उपटायचं नव्हे, आवरण राखून गाठ तेवढी अलगद काढायची. आवरण खोलवर दुखावलं तर व्रण धरतो, लाट थांबते आणि गाठ गेली तरी आवाज येत नाही. कारुसोनं १९०९मध्ये मिलानला गाठ काढून घेतली आणि तो पुन्हा गायला. ज्युली अँड्र्यूजचा गाण्याचा आवाज १९९७च्या शस्त्रक्रियेनंतर परत आला नाही. दोन्ही उदाहरणं गाणाऱ्यानं माहीत ठेवावीत.

लाट डोळ्यांनी दिसत नाही, इतकी ती जलद असते. लुकलुकत्या उजेडात ती संथ झाल्यासारखी दिसते, ही युक्ती म्युनिकच्या एर्टेलनं १८७८लाच स्वरयंत्रावर वापरली होती. आज तीच स्ट्रोबोस्कोपी नाकातून घातलेल्या बारीक दुर्बिणीला किंवा तोंडातल्या ताठ दुर्बिणीला जोडून पडद्यावर दिसते. गाठ असेल तिथे लाट अडखळते.

आपल्याकडे गाणाऱ्यांच्या बाजूनंही विचार सुरू झाला. मिरजेचे, पुढे मुंबईत शाळा काढलेले प्रा. बी. आर. देवधर आणि त्यांच्यानंतर डॉ. अशोक रानडे यांनी आवाजाची निगा हा अभ्यासाचा विषय केला. रानडे गायकांबरोबर नटांच्या, वक्त्यांच्या आवाजाचाही विचार करत. ‘रियाज म्हणजे गळा रगडणं’ ही समजूत ढिली व्हायला या माणसांनी हातभार लावला. ती पुरती गेलेली नाही.

आता हे सगळं मला पेण तालुक्यातल्या जोहे गावाशी जोडायचं आहे. कारण तिथे आवाज आणि हात दोन्ही गणपतीच्या कामाला लागलेले आहेत. पेण शहरातली मूर्तिकला हमरापूर-जोहे पट्ट्यात पसरली आणि आता तिथे घराघराला कारखाना आहे. साच्यातून निघालेली मूर्ती पॉलिशपेपरनं घासायची, की पांढरी भुकटी उडते. मग रंगाचे फवारे. कॉम्प्रेसर चालू असताना शेजारच्याला हाक मारायची तर ओरडावं लागतं. डोळ्यांची आखणी करणारा तेवढा शांत बसलेला असतो. सुकलेल्या, भुकटीनं चुरचुरणाऱ्या घशानं वर ओरडणं, हे गाठीला आमंत्रण. त्यात संध्याकाळी भजन. कोकणातल्या भजनाची डबलबारी लागली की दोन बुवा रात्रभर समोरासमोर उभे ठाकतात, आणि माइक असूनही पट्टी खाली यायला तयार नसते. माइकनं नटांचे गळे वाचवले, बुवांचे नाही. शेजारी शाळेत पन्नास पोरांवर आवाज चढवणाऱ्या बाई आहेत, बाजारात मासळी विकणाऱ्या आहेत. यांच्यातल्या कुणाचा आवाज बसला तर अजूनही ‘थंड लागलं’, ‘दृष्ट लागली’ यावर महिने जातात. मशेरी आणि तंबाखू असलेल्या घरात तर ही ढिलाई महागात पडते, कारण स्वरतंतूंच्या कॅन्सरचं पहिलं लक्षणही बहुधा आवाज बसणं हेच असतं.

एके काळी हा सगळा कुलाबा, म्हणजे आताचा रायगड जिल्हा मुंबईला जाण्यासाठी धरमतरच्या बोटीकडे बघत असे. आता हमरापूरला रेल्वेचं स्टेशन आहे, पनवेल दूर नाही, अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे. तीन-चार आठवड्यांवर आवाज बसलेला राहिला तर दुर्बिणीनं बघून घेणं, हे आता जोह्याच्या माणसाला अशक्य राहिलेलं नाही. गाठी दिसल्या तर डॉक्टर बहुधा सुरी काढत नाही. आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या थेरपिस्टकडे पाठवतो. पाणी पुरेसं पिणं, घसा खाकरायची सवय मोडणं, कुजबुजणं टाळणं, श्वासाच्या आधारानं बोलणं आणि जेवण व झोप यांच्यात अंतर ठेवणं, हे सगळं त्यात येतं. ओरडणाऱ्या लहान मुलांच्या गाठी बहुतेक वेळा वयात येईपर्यंत अशाच बऱ्या होतात. पॉलिप आणि सिस्ट यांना मात्र बहुधा शस्त्रक्रिया लागते. ती तोंडातूनच होते, गळ्यावर टाका पडत नाही. त्यानंतर काही दिवस पूर्ण मौन पाळावं लागतं आणि पुढे हळूहळू आवाज लावायला शिकवतात. थेरपी अर्ध्यात सोडणारा माणूस त्याच सवयींनी तीच गाठ पुन्हा आणतो.

जोह्याच्या बुवानं, कामगारानं हे करायचं तर काळ ठरवावा लागतो. मूर्तिकामाचा जोर जानेवारीपासून वाढत जातो, भुकटी उन्हाळ्यात सगळ्यांत जास्त आणि भजनाचं मागणं श्रावणापासून. अनंत चतुर्दशीनंतर कारखान्यांना थोडी उसंत मिळते. नेमून दिलेलं मौन आणि पुढचे दोन-अडीच महिने व्यायामाला देता येतील असा वर्षातला तोच मोकळा तुकडा आहे. शस्त्रक्रियेची तारीख मागताना रोग्यानं डॉक्टरला आपलं हे वेळापत्रक सांगावं. आणि परत भजनाला बसताना पेटीवाल्याला आधीच बजावून ठेवावं, की पट्टी काळी पाच नव्हे, काळी दोन.